मास्तर नको, आई नको, फक्त मोबाईल?

गेल्या आठवड्यात ताईचा कुर्डुवाडीहून फोन आला. "अगं, तुझ्या भाचीला आता मी अभ्यासाला घेऊन बसत नाही. मोबाईलवरच शिकते ती. आपण मध्ये बोललं की मुलं गोंधळतात म्हणे." हे 'म्हणे' कुणाचं, असं विचारल्यावर तिने तो मेसेज पाठवला. 'मोबाईल हाच खरा गुरू!' असा मथळा, ओळीओळीला जोडलेले हात, पाच मुद्दे आणि शेवटी एका ॲपची लिंक. हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपांवर आला होता. तेव्हा दुर्लक्ष केलं. आता तो घरात शिरलाय.

सगळ्यात घातक मुद्दा चौथा आहे, म्हणून तो आधी. 'मूल ॲपवर शिकत असताना पालकांनी शेजारी बसू नये.' ताईने हा अगदी मनापासून पाळला.

रविवारी मी तिच्याकडे गेले. भाची दुसरीत आहे. ॲपवर वजाबाकीचं गणित आलं, खाली तीन उत्तरं. तिने पहिल्यावर बोट ठेवलं, चूक. दुसऱ्यावर ठेवलं, चूक. तिसऱ्यावर ठेवलं आणि टाळ्या वाजल्या, तारे पडले. गणित तिने वाचलंसुद्धा नव्हतं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ४३ वजा १७ उभं मांडून दिलं. तिने उत्तर लिहिलं ३४. सातातून तीन गेले चार, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान काढायचं, मग वर कोण नि खाली कोण हे बघायचंच नाही! दुसरी-तिसरीच्या कुठल्याही बाईंना ही चूक पाठ असते. ॲपच्या लेखी मात्र पोरीला चाळीस तारे.

मग काड्यापेटीतल्या काड्या काढल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून केले, तीन सुट्या ठेवल्या. म्हटलं, "यातून मला सतरा दे." तिने आधी एक गठ्ठा दिला, मग तिन्ही सुट्या दिल्या आणि अडली. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि हळूच दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. याला जेमतेम दहा मिनिटं लागली, पण शेजारी कुणीतरी बसलेलं लागलं.

आता मुद्दा तिसरा: 'आफ्रिकेत नुसत्या मोबाईलवर मुलांना गणित शिकवलं.' हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं गाळलंय, आणि सगळी गोम त्यातच आहे. २०२० साली शाळा बंद असताना बोत्सवानात साडेचार हजारांहून जास्त घरांत हा प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला नुसते एसएमएसने गणिताचे प्रश्न पाठवले. काही घरांना एसएमएस पाठवले आणि वर आठवड्यातून एकदा फोनही केला. पंधरा-वीस मिनिटं, स्पीकरवर, मूल आणि पालक दोघंही समोर. २०२२ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना फोन आले त्या मुलांचं गणित सुधारलं. ज्यांना नुसते मेसेज गेले त्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. पुढे भारतासह पाच देशांत हे करून बघितलं, तेव्हाही फोनवरच्या शिकवणीचा फायदा दिसलाच. आणि फोन साधा बटणांचा असला तरी चालतो! म्हणजे ज्या प्रयोगाचा दाखला देऊन 'पालकांनी लांब राहा' म्हणताहेत, त्यात पालकांना मुद्दाम फोनपाशी बसवलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे वाचलं नसेल, किंवा वाचून लपवलं असेल. दोन्ही सारखंच.

पहिला मुद्दा दिल्लीतल्या 'भिंतीतल्या कॉम्प्युटर'चा. १९९९ मध्ये सुगत मित्रा या संशोधकाने कालकाजीत वस्तीशेजारच्या भिंतीत कॉम्प्युटर बसवून तो मुलांसाठी मोकळा सोडला, शिकवणारं कुणी नाही. कॉम्प्युटर चालवायला मुलं आपापली शिकली, हे मान्य करावंच लागेल. पण पुढे याच सुगत मित्रा यांनी ब्रिटनमधल्या आज्यांना स्काइपवर आणलं, मुलांशी गप्पा मारायला, त्यांचं कौतुक करायला. आज्यांची गरज त्यांनाही भासलीच की.

दुसरा मुद्दा वाचून तर हसूच आलं. 'डिसले गुरुजींना क्यूआर कोडमुळे सात कोटी मिळाले, मास्तर कालबाह्य!' अहो, २०२० चा तो 'ग्लोबल टीचर प्राइझ' पुरस्कारच मुळी शिक्षकाला दिलेला. गुरुजींची परितेवाडी ताईच्याच माढा तालुक्यात आहे. पुस्तकातल्या त्या कोडमागचे धडे तयार करणारा माणूस तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गावर शिकवत होता.

पाचवा: 'मोठी मुलं फोनवर अभ्यासच करतात.' 'असर २०२४' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं. आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी फोन शिकण्यासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. पुढे बोलायला नको.

फोन वाईट, असं मी म्हणत नाही. मीच आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता भाचीला फोन लावते. ताई स्पीकर चालू करते, काड्या मांडून ठेवते. काल ५२ वजा २८ घातलं. मला पलीकडून आधी रबर निघाल्याचा आवाज आला, मग उत्तर आलं, "चोवीस!"

ताईने त्या ॲपची वर्षाची फी भरलीय, ती परत मागायचं चाललंय. तीनदा फोन लावला. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. माणूस अजून बोलायला मिळालेला नाही.