डबा आत गेला का?

भाच्याने सकाळी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. पुण्यातल्या एका वस्तीतला रस्ता. तीन पोरं दोरीने बांधलेली, त्यातला एक लंगडतोय, मागेपुढे पोलिस, दोन्ही बाजूंना मोबाइल उंच धरून उभी माणसं, वर गाणं लावलेलं. आदल्या आठवड्यात या पोरांनी कोयते नाचवत गाड्या फोडल्या होत्या, म्हणून त्याच रस्त्यावरून त्यांची धिंड काढली होती. अकरा जणांनी टाळ्या पाठवल्या. वहिनीने लिहिलं, "असंच पाहिजे." मी लिहिलं, "कोर्टापुढे उभं करायच्या आधीच शिक्षा?" त्यावर दादाचा फोनच आला. "तू तिकडे बसून बोलू नकोस. तुझी गाडी नाही फुटली."

दादाची भीती खरी आहे. बिबवेवाडीत त्याच्या इमारतीखालच्या गाड्यांच्या काचा एका रात्रीत फोडल्या गेल्या, त्यात त्याची हप्त्यांवरची गाडी होती. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत दिवसाढवळ्या एका तरुणीवर कोयता घेऊन धावलेल्या माणसाला स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी अडवलं, तो व्हिडिओ पाहून इथे माझेही हातपाय गार पडले होते. अशा शहरात पोलिस कडक वागले की माणसाला बरं वाटणारच. पण "तिकडे बसून" हा त्याचा शब्द मला लागला, कारण मी तिकडे बसून नेमकं हेच काम करते.

इंग्लंडमध्ये येऊन मला एकोणीस वर्षं झाली. गेली सहा वर्षं मी महिन्यातून दोनदा आमच्या शहरातल्या पोलिस कोठडीत जाते. कोठडीला भेट देणाऱ्या स्वयंसेवकांची इथे योजना आहे. २००२ सालच्या कायद्याने प्रत्येक पोलिस विभागाला ती बंधनकारक आहे. दोघांनी मिळून जायचं. आधी कळवायचं नाही. संध्याकाळी सात असो की पहाटेचे पाच, ओळखपत्र दाखवलं की आत घ्यावंच लागतं. आत कुणाला कशासाठी आणलंय हे आम्ही विचारत नाही. नावही विचारत नाही, आमच्या फॉर्मवर फक्त नंबर असतो. विचारायचं ते एवढंच: जेवलात का? पांघरूण मिळालं का? घरी कळवलं का? वकील फुकट मिळतो हे सांगितलं का? इंग्रजी समजत नसेल तर दुभाषा बोलावला का? रोजची गोळी कुठली आहे, ती दिली का?

बहुतेक रात्री काहीच सापडत नाही. फेब्रुवारीतल्या एका पहाटे एका मुलाने सांगितलं, पाणी मागून दोन तास झाले. नोंदवहीत पाणी दिल्याची वेळ लिहिलेली होती, कोठडीत ग्लास मात्र नव्हता. आम्ही तिथल्या तिथे सार्जंटला दाखवलं आणि फॉर्ममध्ये लिहिलं. पुढच्या तीन भेटींना आमच्यातल्या दुसऱ्या जोड्यांनी नेमकं तेच तपासलं. चौथ्या वेळी नोंद आणि ग्लास दोन्ही जागेवर होते. एका ग्लासासाठी आठ माणसांचे चार फेरे. माझ्या सहा वर्षांच्या कामाचा हा बऱ्यापैकी खरा नमुना आहे.

ही योजना इंग्रजांच्या चांगुलपणातून आली असं कुणी समजू नये. भटक्यांना आवरायला १८२४ साली इथे एक कायदा झाला होता. त्यातल्या एका कलमाने नुसत्या संशयावरून कुणालाही उचलता यायचं. दीडशे वर्षांनी, १९७० च्या दशकात, तेच कलम काळ्या पोरांवर सर्रास लागू लागलं. दक्षिण लंडनमध्ये मेव्हिस बेस्ट आणि तिच्यासारख्या आया पोलिस ठाण्यांत जाऊन पोरांना सोडवून आणायच्या, आणि कलम रद्द करा म्हणून त्यांनी मोहीम चालवली. १९८१ मध्ये ते कलम गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण लंडनमधलं ब्रिक्स्टन दंगलीत पेटलं होतं. त्याच्या चौकशीत न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी सुचवलं, की सामान्य नागरिकांना अचानक ठाण्यात जाऊन पाहता यावं. तिथून आमची ही भेट सुरू झाली.

त्याने इथले पोलिस सुधारले का? १९९३ मध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा बसथांब्यावर खून झाला, तपासाची वाट लागली, आणि १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनचे पोलिस दल संस्था म्हणूनच वंशवादी असल्याचं म्हटलं. २०२३ मध्ये बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने पुन्हा तेच म्हटलं. चोवीस वर्षांनी. काळ्या माणसाला रस्त्यात अडवून झडती होण्याचं प्रमाण गोऱ्याच्या सुमारे चौपट आहे. म्हणून मी दादाला "तिकडे बघ, कसं छान" असं कधीच सांगत नाही.

माझ्या मुलालाही सोळाव्या वर्षी अडवलं होतं. क्लासहून येताना, पाठीवर दप्तर. भिंतीकडे तोंड करून उभं केलं, खिसे उलटे केले, आणि वर्णनाशी जुळतोस एवढंच सांगितलं. हातात झडतीची पावती होती, ती घेऊन तो घरी आला आणि जेवला नाही. मी इथल्या मराठी मैत्रिणींना सांगितलं, तर एक म्हणाली, "त्याने हुडी घातली असेल." आपण शिकलेले, आपण कर भरतो, आपल्याला कशाला कोण अडवेल, हा समज आपल्या लोकांत फार खोल आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या मॅडिसन गावात, नातवासाठी गुजरातहून गेलेले सत्तावन्न वर्षांचे सुरेशभाई पटेल सकाळी पायी फिरत होते. शेजाऱ्याने फोन केला तो कुणी काळा माणूस फिरतोय म्हणून. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांना लुळेपणा आला. संशय घेणारा आपली पदवी विचारत बसत नाही.

अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, जून २०२० मध्ये, आमच्या शहराचा चौक भरून गेला होता. मीही पाटी घेऊन उभी होते, आणि त्याच आठवड्यात या कामासाठी अर्ज केला. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाल्यावर, मारेकरी स्थलांतरित असल्याच्या अफवेवरून, स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा आमच्या मराठी ग्रुपवर घराबाहेर पडू नका असे निरोप फिरत होते. सात ऑगस्टला संध्याकाळी देशभर हजारो लोक आमच्या बाजूने रस्त्यावर उतरले. त्या संध्याकाळचे उपकार मी विसरणार नाही. पण सप्टेंबरात कोठडीभेटीच्या आमच्या बैठकीला पाच जण होतो. रस्त्यावर उतरणं आणि पाळी सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला माणसं मिळत नाहीत. राग येतो तेव्हा माणूस सगळं करायला तयार असतो. मंगळवारी पहाटे पाऊस असताना, काहीही घडलेलं नसताना, तो उठत नाही. मला उठवतो तो राग नाही. माझी जोडीदार सत्तरीची निवृत्त परिचारिका आहे, ती गाडी घेऊन खाली थांबलेली असते. दोघांचा नियम पोलिसांवर साक्षीदार असावा म्हणून असेल. माझ्यापुरता तो मी टिकून राहावं म्हणून आहे.

गेल्या जानेवारीत मी पुण्यात होते. दादाकडे कामाला येणाऱ्या मावशींचा एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री नऊला घरी आला नाही. मोबाइल चोरीच्या संशयावरून उचलला होता. मावशी डबा घेऊन निघाल्या, मी बरोबर गेले. कुठलं ठाणं ते लिहीत नाही. ठाणे अंमलदाराने सांगितलं, "अटक नाही, चौकशीला आणलंय." मग भेटू द्या. "साहेब राउंडला गेलेत." मग डबा तरी आत द्या. "साहेब आल्यावर." पोराच्या नावाची नोंद स्टेशन डायरीत आहे का, या माझ्या प्रश्नावर त्याने मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. इंग्लंडमध्ये माझ्या गळ्यात त्या प्रश्नाचं उत्तर लटकत असतं.

सकाळी सहाला पोरगा बाहेर आला. तळवे सुजलेले. कागद एकही नाही. डबा बाकावरच होता, भाकरी कडक झालेली. मावशींनी तक्रार करायची नाही म्हणून मला शपथ घातली, कारण त्यांना त्याच वस्तीत राहायचं आहे.

दादाला मी हे सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "पण सगळे पोलिस तसे नसतात." नसतात. बारा-बारा तास उभे राहणारे, बंदोबस्तात सण घालवणारे पोलिस मला माहीत आहेत. पण कोण कसा आहे हे बंद दाराआड ठरत असेल, तर चांगल्या पोलिसालाही काही सिद्ध करता येत नाही.

आणि कुणावर ती वेळ येते, हेही ठरलेलं आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. त्याच वर्षी डिसेंबरात परभणीत आंदोलनानंतर धरपकड झाली आणि वडार समाजातला, कायदा शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत मेला. त्याच्या आईने न्यायालयाचं दार ठोठावलं. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे हरलं. वडार, पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींना १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली ती इंग्रजांनीच. ते कायदे १९५२ पर्यंत रद्द झाले, पण ठाण्यातल्या नजरेतून गेलेले नाहीत. "वंशवाद तिकडचा, आपल्याकडे तसलं काही नाही" असं मला सांगणाऱ्यांनी पालावरच्या माणसाला एकदा विचारावं, चोरी झाली की पहिला फेरा कुठे होतो.

कायदा आपल्याकडे कमी नाही. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे कार्याध्यक्ष दिलीपकुमार बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या एका पत्रावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला: अटकेचा कागद करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, वैद्यकीय तपासणी करा. प्रकरण तिथे संपलं नाही. २०१५ मध्ये त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की तुरुंगांबरोबर पोलिस ठाण्यांसाठीही अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करा. म्हणजे मी जे इथे करते तेच. २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, कॅमेरे लावून चित्रण दीड वर्षं, निदान एक वर्षं जपायचा आदेश आला. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या दोन वकिलांना मी विचारलं, तुमच्या माहितीत कुणी अभ्यागत म्हणून ठाण्यात जातं का? दोघांनीही नाही म्हटलं.

पुण्याला चिवटपणा शिकवायला लंडनहून कुणी यायची गरज नाही. बाबा आढावांची हमालांची संघटना, हमाल पंचायत, १९५५ पासूनची, कष्टकऱ्यांना स्वस्त जेवण देणारी तिची कष्टाची भाकर १९७४ पासूनची. माझ्या लहानपणी कचरा वेचणाऱ्या बायकांना पोलिस चोर समजून हटकायचे, पोतं उलटं करायला लावायचे. १९९३ मध्ये त्यांची कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे महापालिकेने मान्य केलेलं फोटोचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यात आलं. "तू कोण?" या प्रश्नाला उत्तर मिळालं. त्यामागे किती सभा, किती हेलपाटे असतील याचा अंदाज मला आता येतो, तेव्हा आला नव्हता. मोर्चाचे फोटो छापून येतात, हेलपाट्यांचे येत नाहीत.

दादाचा एक प्रश्न उरतो: ज्यांची गाडी फुटली त्यांचं काय? त्यांना न्याय मिळावा म्हणूनच मला नोंदी हव्या आहेत. दोरी बांधून रस्त्यावर फिरवलेल्या पोराचा खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि मारून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. धिंड काढली म्हणून दादाच्या काचेचे पैसे आले नाहीत. आरोपपत्र दाखल झालं का, हे ग्रुपवर टाळ्या देणाऱ्या अकरा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

येत्या डिसेंबरात मी सहा आठवडे पुण्यात आहे. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा अर्ज भाच्याने टाइप केलाय, धिंडीचा व्हिडिओ टाकणाऱ्या त्याच भाच्याने. "आत्या, एकच पान पुरे," असं तो म्हणाला. विचारलंय एवढंच, की २०१५ च्या निर्देशाप्रमाणे आपल्या शहरातल्या ठाण्यांसाठी अभ्यागत नेमले आहेत का. असतील तर यादी द्या, नसतील तर आम्ही यायला तयार आहोत. खाली भाच्याची आणि वहिनीची सही आहे. मावशींची आम्ही मागितली नाही. दादाने अजून केलेली नाही. त्याने काल फोनवर विचारलं, रात्री-अपरात्री जायचं झालं तर गाडी कोण काढणार.