माणशी पंधरा किलो

बेळगावला माहेरी गेलं की सुट्टीचे सगळे दिवस लोळण्यात जातात आणि खरी सुट्टी शेवटच्या दिवशी सुरू होते. तोवर आमचं घर एका वाक्यावर चालतं : "बघू की, कुठं पळून चाललंय?" कपिलेश्वराला जायचं असतं, मावशीकडे जायचं असतं, शहापुरात शिंप्याकडे ब्लाउज टाकलेले असतात, मुलांना किल्ल्यातलं जुनं जैन मंदिर, कमल बस्ती, दाखवायचं असतं. मग कुणीतरी कॅलेंडरकडे बघतं, "उद्या सकाळचं विमान न्हवं?" म्हणतं आणि टिळकवाडीतल्या त्या घरात पायात चपला शोधणाऱ्यांची झुंबड उडते.

आमच्या आईचा विमानावर विश्वास नाही. म्हणजे ते उडतं हे तिला मान्य आहे, पण त्यात सामान तोलून घेतात हे मान्य नाही. तिच्या डोळ्यांपुढे अजून टपावर सामान चढवायची बस आहे. त्या टपावरून तिने तांदळाची पोती पाठवलीत, खानापूरचे फणस पाठवलेत, एकदा शिलाई मशीनही पाठवलंय. माणशी 15 किलो, चौघांचे मिळून 60, हे नवऱ्याने तिला कागदावर लिहून दाखवलं. तिने चष्मा लावून कागद नीट वाचला आणि म्हणाली, "एवढं मोठं विमान, त्याला माझी दोन किलो चटणी जड होतीय व्हय?"

या चटणीबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, तिखटपणाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. मग धणे, तीळ, सुकं खोबरं भाजायचं, कांदा-लसूण तळायचा आणि सगळं डंकावर नेऊन कांडून आणायचं. हे आधीही करता आलं असतं. पण लेकीबरोबर ताजी चटणी जायला हवी, म्हणून आईने डंकावर नंबर लावला तो नेमका निघायच्या आदल्या दिवशीचा. दादा सकाळी सातला डबे घेऊन गेला आणि साडेअकराला लाल डोळ्यांनी परत आला. रांगेत त्याच्या पुढे एका लग्नघराची मिरची होती म्हणे.

कांडून आणलेली चटणी गरम असते. तशीच पिशवीत भरली तर वाफ धरते. म्हणून ती सोप्यात वर्तमानपत्रावर पसरली. चटणी पसरली म्हणजे पंखा बंद. मे महिन्यातली दुपार, बंद पंखा, मधोमध लालभडक ढीग, त्याच्या कडेने उघड्या बॅगा आणि अर्धवट घड्या घातलेले कपडे. नवरा मूळचा नाशिकचा आणि राहणार दिल्लीचा, म्हणजे उन्हाचं त्याला काही नवल नाही. पण दर दोन मिनिटांनी शिंकत चेकलिस्ट वाचणं त्यालाही जमेना. धाकटा ढिगावरून उडी मारायच्या बेतात होता. त्याला आईने हवेतच पकडला.

मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून शहापूर गाठलं. शिंप्याने आम्हाला बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग अतिशय प्रेमाने म्हणाला, "नाळे बर्री, अक्का." उद्या या. उद्या मी ढगात असणार, हे त्याला मी मराठीत सांगितलं, बाबांनी कानडीत सांगितलं. शेवटी तो आमच्यादेखतच हुका लावायला बसला. हुका लावता लावता त्याने बाबांना भाच्याच्या नोकरीची गोष्ट सांगायला घेतली. बाबांनीही स्टूल ओढलं. पाऊण तास गेला. भाचा आता हुबळीला आहे आणि चांगलं चाललंय, ही माहिती ब्लाउजांबरोबर फुकट मिळाली.

मावशी रेल्वे गेटापलीकडे राहते. टिळकवाडीत माणूस कुठे राहतो हे गेटाच्या नंबरावरून सांगतात आणि माणूस उशिरा का आला हेही त्यावरूनच. दुसऱ्या गेटाला पोचलो आणि फाटक पडलं. मालगाडी आली, डबे मोजून मोजून गेली. फाटक उघडणार तोच गेटमन उलट दिशेला बघायला लागला. अनुभवी लोकांनी स्कूटर बंद केल्या. बाबांच्या शेजारी जुने सहकारी येऊन थांबले होते, तेव्हा बाबांना तर फाटक पडलंय ते बरंच वाटत होतं.

"बसा की, काय घाई?" मावशी म्हणाली. उभ्या उभ्या जातो, असं बेळगावात नुसतं म्हणायचं असतं. पोहे झाले, चहा झाला, मग मावशीने ओटी भरली. खण, तांदूळ आणि नारळ. ओटीचा नारळ नको म्हणता येत नाही. तसं म्हटल्याचं आमच्या घराण्यात ऐकिवात नाही. शेजारच्या काकूंनी मला बघितलं, त्याही नारळ घेऊन आल्या. परतीच्या वाटेवर आत्याचं घर लागतं. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा स्कूटरच्या हुकाला पाच नारळ लोंबत होते आणि आभाळ काळं झालं होतं.

"पाऊस येऊलालाय, कपडे काढा!" आई आतून ओरडली. वळीव वाट बघत नाही. वारं सुटलं, सोप्यातली चटणी वाचवायला सगळे आत धावले आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चार जीन्स, टॉवेल, मुलांचे सगळे टी-शर्ट पावसाला सोडून दिले. चटणी वाचली. मग करंट गेला.

थोरली तेवढ्यात फोनवर विमान कंपनीचे नियम वाचत होती. अंधारात तिचा आवाज आला, "मम्मा, नारळ चालत नाही." सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून मोठ्या बॅगेत नको, आणि हातातल्या सामानात अख्खा नारळ सुरक्षावाले सोडत नाहीत. बाबा रोज वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. ते म्हणाले, "असं कसं? 2024 ला शबरीमलेच्या भक्तांना सोडला होता की नारळ."

"बाबा, ती सूट इरुमुडीतल्या, म्हणजे भक्तांच्या डोक्यावरच्या गाठोड्यातल्या नारळाला होती. आणि हंगामापुरती," नवरा म्हणाला.

"मग ओटीचा नारळ काय देवाचा न्हवं?"

वाद मिटवला आईने. रात्री साडेनऊला तिने कोयत्याच्या पाठीने पाचही नारळ फोडले. "वड्या करून देतो. वडीला तर कोण अडवत न्हाई?" मोबाईलच्या उजेडात दादा, वहिनी आणि मी पाळीपाळीने खवणीवर बसलो. अंधारात नारळ खवायला बसलं की बोटाच्या नखापर्यंतचं अंतर हाताला बरोबर कळतं, फक्त अर्धा क्षण उशिरा. अकराला वड्या थापल्या. नारळ नेता येत नव्हते. आता तेच नारळ साखर घालून आणखी जड होऊन चालले होते. याकडे मी आईचं लक्ष वेधलं. तिने माझ्या तोंडात गरम वडी कोंबली.

मग वजन. बाबांनी संध्याकाळीच कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा हुकचा काटा मागून आणला होता. तो झोपाळ्याच्या कडीला अडकवला. नवरा बॅग उचलून टांगणार, दादा टॉर्च धरणार, बाबा आकडा वाचणार आणि वहिनी लिहून घेणार. पहिली बॅग, जिच्यात कुंदा या इथल्या मिठाईचा किलोचा डबा आणि ओल्या जीन्स होत्या, भरली 14. दुसरी, गोकाकचं डिंकाचं करदंट आणि चटणी, साडेचौदा. तिसरी 14, चौथी साडेतेरा. सोप्यात आनंदीआनंद. वहिनीने बेरीज केली : 56.

"म्हंजे चार किलो अजून जागा हाय!" आई म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत बेळगावी बासमतीची पिशवी चौथ्या बॅगेत गेली. मांड्यांचा डबा मात्र हातातच न्यायचा ठरला. मांडे विमानाच्या पोटात टाकले तर दिल्लीला नुसता भुगा उतरला असता.

नवरा काट्याकडे बघत होता. "बाबा, रद्दीवाला हा काटा कशाला वापरतो?"

"रद्दी तोलायला. का?"

"काही नाही," नवरा म्हणाला आणि झोपायला गेला.

बाबा पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवून बसले. विमान साडेनऊचं. जुन्या माणसांचं गणित असं की स्टेशनवर गाडीची वाट माणसाने बघायची, गाडीने माणसाची नव्हे. सांबरा रस्त्यावर गाडीत त्यांनी मुलांना सांगितलं की हा विमानतळ 1942 साली इंग्रजांच्या हवाई दलाने बांधला आणि 2017 साली त्याला नवी इमारत मिळाली. मुलं झोपली होती. ऐकलं ते ड्रायव्हरने. त्याने त्यात हवाई दलाच्या ट्रेनिंग सेंटरची भर घातली आणि मग रस्ताभर दोघांचंच चाललं.

काउंटरवर चारही बॅगा ठेवल्या. मुलीने आकडा बघितला, आमच्याकडे बघितलं आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, सेव्हंटी थ्री."

तेरा किलो जास्त. किलोमागे जी रक्कम ती म्हणाली ती कुंद्याच्या भावाच्या आसपास होती, म्हणजे कुंदा एकदा खाण्यासाठी विकत घ्यायचा आणि एकदा उडवण्यासाठी. चेहऱ्यावरची रेषही न हलवता नवरा मला म्हणाला, "रद्दी." नाशिकच्या माणसाला एवढा संयम कुठून येतो कोण जाणे. बाबा गेली कित्येक वर्षं त्याच काट्यावर रद्दी घालत आलेत, याचा हिशोब त्या क्षणी मी करायचा नाही असं ठरवलं.

बॅगा फरशीवर उघडल्या. चटणीच्या पिशवीची एक शिवण सैल झाली होती. मागच्या रांगेतल्या तिघांना एकदम शिंका आल्या. तांदूळ काढला, करदंटाचे दोन पुडे काढले, ओली जीन्स नवऱ्याने हातावर टाकली. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, म्हणून थोरली दारापर्यंत जाऊन बाहेर उभ्या असलेल्या आईला पिशवी देऊन आली. आली ती दुसरी पिशवी घेऊन. "आज्जी म्हणाली, वड्या वजनात धरत नाहीत." पुन्हा पाठवली. यावेळी मांड्यांच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी घेऊन परतली. दारावरच्या जवानाने शेवटी हात आडवा केला, "अम्मा, साकु!" पुरे. आईने त्याला कानडीत ऐकवलं, "मगळ होंटाळ्री!" लेक निघालीय. त्यानंतर जवान पार्किंगकडे बघत उभा राहिला आणि आणखी एक पुडा आत आला.

सात किलोचे पैसे भरले. उरलेलं नवऱ्याच्या अंगावर चढलं. मे महिन्यात कोट घालून, कोटाच्या चारही खिशांत करदंट कोंबून तो सुरक्षा तपासणीतून गेला. मशीनवाल्याने पडद्यावर डिंकाचे ते चौकोन बघितले, वर बघून म्हणाला, "गोकाक?" नवऱ्याने मान डोलावली. पुढच्याला या म्हणाला.

आधी बेंगळूर, मग दिल्ली. बेंगळूरचं विमान ते पंख्यांचं, मागच्या दाराने चढायचं. शिडीपाशी रांगेत उभे होतो, मांड्यांचा डबा छातीशी धरलेला, तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"पोचल्यावर फोन कर. आणि ऐक, मी आत्ता त्या रद्दीवाल्याला फोन करून विचारलो. त्याचा काटा एकदम बरोबर हाय म्हणतोय. तू उतर आणि त्यांच्या काट्याचं बघ जरा."