ग्राहक उपलब्ध नाही

रात्री नऊला मेसेज आला की ग्राहक उपलब्ध नसल्याने आपल्या सिलेंडरची डिलिव्हरी होऊ शकली नाही. उपलब्ध नव्हतो म्हणे! अरे बाबा, दुपारी पाऊण वाजता भर उन्हात त्याच सिलेंडरला धरून उभा होतो मी, जवळजवळ मिठीच मारली होती, आता अजून कसं उपलब्ध व्हायचं माणसानं?

भानगड अशी की आता टाकी घ्यायची तर मोबाईलवर कोड येतो, तो गाडीवाल्या पोराला सांगायचा, मगच तो टाकी उतरवतो. चोरी थांबते, काळाबाजार थांबतो, सगळं मान्य. पण आम्ही राहतो मेहकरपासून आत, आणि आमच्या घरात रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. गावात खात्रीची रेंज फक्त मारुतीच्या पारावर, तीही निंबाच्या बाजूच्या कोपऱ्यात, तीही हात वर केला तर. म्हणून पोराला म्हटलं छोटा हत्ती पाराला टेकवून लाव, आणि एक हात गाडीतल्या सिलेंडरवर, दुसऱ्या हातात मोबाईल आभाळाकडे, असा उभा राहिलो.

पारावर आबाजी होते. आबाजी सकाळी चहा पिऊन येतात ते सावली सरकेल तसे सरकत संध्याकाळपर्यंत पाराची एक प्रदक्षिणा पूर्ण करतात. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

"मास्तर, हात वर करून काहून उभे हा? पोट्ट्यायले उभं करता तसं तुमाले कोनं केलं?"

"कोड यायचाय आबाजी."

"कुठून?"

इथं मी चुकलो. "कंपनीकडून" म्हणून गप्प बसायचं होतं. पण लहानपणापासून विज्ञानकथा वाचून वाचून डोक्यात जो कचरा साठलाय तो नेमका अशा वेळी बाहेर येतो. म्हटलं आबाजी, 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाचं यान सोडलं, आज ते ग्रहांच्या पार पलीकडे गेलंय, त्याचा ट्रान्समीटर फक्त 23 वॅटचा, म्हणजे तुमच्या ओसरीतल्या बल्बाएवढा, तरी त्याचा मेसेज पृथ्वीवर येतो, आणि माझे चार आकडे तालुक्याहून इथं येत नाहीत!

आबाजींनी तंबाखू मळायची थांबवली. "किती टाइम लागते त्याच्या मेसेजले?"

"जवळपास एक दिवस."

"मंग बराबर हाय ना. तुमचा बी उद्या येईन."

गाडीवाला पोरगा फिसकन हसला. मी हात बदलला.

"अन् थे चालते कायच्यावर?"

"प्लुटोनियमवर."

"सबसिडी भेटते?"

"नाही हो, ते एकदाच भरलंय, सोडतानाच. तेवढ्यावर चालू आहे अजून."

आता आबाजींचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी मनातल्या मनात कसलातरी हिशोब केला. "तुमची टाकी किती दिस पुरते?"

"दोन महिने."

"एकट्याले? मास्तर, शिजवता काय, गोटे?"

हे मला फार लागलं, कारण ते खरं होतं. या 14.2 किलो गॅसचा धूर कुठे होतो ते मलाच माहीत आहे, मोबाईलवर. स्वस्तात स्वयंपाक शिकवणारे व्हिडिओ बघतो मी. पन्नास रुपयांत जेवण, घरात असलेल्याच साहित्यात, असं म्हणतात आणि तिसऱ्या मिनिटाला चीज काढतात. कोणाच्या घरात असतं बे चीज? आमच्या आठवडी बाजारात वांगी, आलू, मेथी आणि भांडण एवढंच मिळतं. मग चीजच्या जागी हे घाल, ओव्हनच्या जागी कढईत रेती तापव, असं करत करत पन्नास रुपयांच्या जेवणाला शंभराचा गॅस जातो आणि शेवटी जे तयार होतं ते मांजरही हुंगून सोडते. त्यापेक्षा आपलं बेसन काय वाईट? तेलात मोहरी-जिरं, कांदा, हिरवी मिरची, पाण्याला उकळी आली की पीठ सोडत ढवळायचं, झाकण ठेवून एक वाफ, दहा मिनिटांत भाकरीसोबत तयार. हेच मी एका व्हिडिओखाली लिहिलं, वरून भरपूर सांभार घाला असंही लिहिलं, तर पुण्याकडच्या एका बाईंनी विचारलं, इडलीबरोबरचा का? अहो सांभार म्हणजे कोथिंबीर! पुढे एकवीस जणांनी हसून ठेवलं. कृती कोणी वाचली नाही.

विज्ञानकथांवरही माझा रागच आहे तसा. त्यात माणसं गोळी खाऊन पोट भरतात, यंत्राला नुसतं सांगितलं की ताट पुढे येतं, पण त्या यंत्राला आधी नोंदणीकृत मोबाईल नंबर लागेल हे एकाही लेखकाला सुचलं नाही. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं कथा पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. आज पाठवली असती तर केवायसी अपूर्ण म्हणून परत आली असती. माझं गॅसचं पुस्तक अजून वडिलांच्या नावावर आहे, आणि त्यातही आडनावात एक काना जास्त, त्यामुळे हे मी अनुभवानं बोलतोय.

असो. पारावर वीस मिनिटं झाली. पोरगा म्हणे, सर, अजून चार गावं हायेत. म्हटलं थांब रे पाच मिनिटं. आणि मग मीच परत तोंड उघडलं, म्हटलं बघा आबाजी, आपल्या लोणारला आभाळातून एवढा मोठा अशनी येऊन पडला, दोन किलोमीटरला थोडा कमी रुंद खड्डा केला, त्याला कोणी कोड विचारला होता का?

"गोटा नाही पडला तिथं," आबाजी म्हणाले. "लवणासूर व्हता. देवानं मारला थो."

"आबाजी, ते बेसॉल्टमध्ये आघातानं झालेलं विवर आहे, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

"मंग दैत्यसूदनाचं देऊळ काय तुमच्या शास्त्रज्ञायनं बांधलं?"

आता यावर कोणी काय बोलावं? पण मी बोललो. चांगला दहा मिनिटं बोललो, उष्णता, दाब, वितळलेला खडक, सगळं हातवारे करून सांगितलं, एका हाताचे हातवारे, कारण दुसरा टाकीवर. आणि ऐन मुद्द्यावर आलो तेव्हा हाताखालची टाकी हलली. छोटा हत्ती निघाला होता. मी दोन पावलं सोबत गेलो, मग पार संपला.

पुढची गाडी गुरुवारी. तोवर इंडक्शन, म्हणजे लाइन असेल तेव्हा बेसन आणि नसेल तेव्हा चिवडा.

कोड आला. दुसऱ्या दिवशी, साडेबाराला, शाळेत तास चालू असताना. जवळपास एक दिवस लागला. हे मी आबाजींना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, पण त्यांनी पारावरून काय प्रसारण केलंय कोणास ठाऊक, आता गावात मला राम राम कोणी घालत नाही. समोरून येणारा माणूस मान वर करून आभाळाकडे बघतो आणि विचारतो, "आला का मास्तर?" काल तर एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं.