‘अ‍ॅब्लेशन ही लूट, गोळी बंद करा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डचा समाचार

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. कुणा ‘निवृत्त हृदयरोगतज्ज्ञा’च्या तोंडी घातलेला, नाव अर्थातच कुठे नाही. म्हणणं थोडक्यात असं: एट्रियल फिब्रिलेशनवर, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात त्या आजारावर, जे कॅथेटर अ‍ॅब्लेशन करतात, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयातले बेताल ठोके उठवणारे भाग जाळतात, ती लाखोंची लूट आहे. पाच वर्षांत सगळ्यांचं परत सुरू होतं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्याचा काडीचाही उपयोग दिसला नाही. बरं वाटतं तो मनाचा खेळ, उलट जाळल्यामुळे हृदय कमजोर होतं. तेव्हा ईसीजी नॉर्मल आला असेल तर रक्त पातळ करायची गोळी बंद करा आणि अर्जुनसालीचा काढा नि लसूण सुरू करा. शेवटी वजन उतरवा, दारू सोडा आणि दहा जणांना पाठवा.

माझ्या आत्याने हे वाचलं आणि गोळी बंद केली. सत्तरी उलटलेली, बीपी आहे, शुगर आहे, अ‍ॅब्लेशन होऊन वर्षही झालेलं नाही. औषधांचा डबा आवरताना कळलं: बीपीची स्ट्रिप संपत आलेली आणि रक्त पातळ करणाऱ्या अपिक्साबानची जशीच्या तशी. विचारलं तर म्हणते, “अरे, ईसीजी चांगला आलाय की, मग उगाच कशाला रक्त पातळ करायचं?” म्हणून आधी हाच मुद्दा. बाकीचे वाट बघतील.

दवाखान्यात काढलेला ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत ठोके सरळ होते, एवढंच तो सांगतो. काल रात्री काय झालं ते नाही. ‘मला काही जाणवत नाही’ हा भरवसाही अ‍ॅब्लेशननंतर आणखी कच्चा होतो. 2013 साली डिसर्न-एएफ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 50 रुग्णांच्या छातीच्या कातडीखाली ठोक्यांची नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. अ‍ॅब्लेशनच्या आधी बेताल ठोक्यांच्या जाणवणाऱ्या दर एका झटक्यामागे न जाणवणारे 1.1 होते, नंतर ते 3.7 झाले. एकूण झटके खूप कमी झाले, पण जे उरले ते बहुतेक गुपचूप येणारे. रक्ताची गुठळी काही विचारून धरत नाही. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा असतो, तिथे रक्त साचून ती धरते, सुटली की मेंदूत जाऊन अडकते. पक्षाघाताचा धोका या आजारात सुमारे पाचपट होतो. आणि अपिक्साबानचा अंमल गोळी थांबवल्यावर एक-दोन दिवसांत उतरतो.

अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने ही गोळी सगळ्यांनाच घ्यावी लागते. पुढे चालू ठेवायची की नाही, हे वय, बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात यांवर ठरतं. ईसीजीच्या कागदावर नाही. अर्जुनसाल किंवा लसूण या आजारात पक्षाघात टाळतात असं कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. लसूण फोडणीत घाला, गोळीच्या जागी नको.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. 2025 मध्ये कोरियातल्या 840 रुग्णांचा अलोन-एएफ हा अभ्यास आला. त्यात काहींची गोळी थांबवली आणि निकाल चांगले आले. पण ते रुग्ण कोण? अ‍ॅब्लेशन होऊन किमान वर्ष झालेले आणि त्या काळात आजार परत न आलेले. थांबवली डॉक्टरांनी, फॅमिली ग्रुपने नव्हे.

‘पाच वर्षांत सगळ्यांचं परत येतं.’ सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं येतं आणि हे हॉस्पिटलच्या रंगीत पत्रकात ठळक छापत नाहीत, ही तक्रार मलाही मान्य. सात दिवसांपेक्षा जास्त टिकून राहिलेला, म्हणजे पर्सिस्टंट प्रकार मुळातच चिवट. वर्षाच्या वर टिकलेला तर त्याहून. अशा जुनाट रुग्णांवर हॅम्बुर्गमध्ये झालेल्या आणि 2012 साली छापलेल्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात, एकाच अ‍ॅब्लेशनवर ठोके सरळ राहिलेले जेमतेम 20 टक्के होते. गरजेप्रमाणे पुन्हा केल्यावर 45 टक्के. ही त्यातली सर्वांत अवघड केस, तंत्रही जुनं. ‘एकदा केलं की सुटलो’ म्हणून कुणी विकत असेल तर जरूर भांडा. पण 45 म्हणजे शून्य नव्हे. शिवाय ‘परत आलं’ यात सहसा अर्ध्या मिनिटाचा एक झटकाही मोजतात. महिनोन् महिने बेताल असलेल्या माणसाला वर्षातून दोनदा तासभर धडधडलं, तर कागदावर तो नापास आणि घरी मात्र जिने चढतोय.

तो अमेरिकेतला मोठा अभ्यास म्हणजे कबाना, 2019 सालचा, 2204 रुग्णांचा. मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा हृदय बंद पडणं यांपैकी काहीतरी झालेले अ‍ॅब्लेशन गटात 8 टक्के आणि औषध गटात 9.2 टक्के. हा फरक सिद्ध मानण्याइतका नाही, खरं आहे. फॉरवर्डने इथेच पान मिटलं. औषध गटातल्या 27.5 टक्के लोकांनी मधेच अ‍ॅब्लेशन करून घेतलं, मग तुलना उरली कशाची? आणि त्याच अभ्यासात आजार परत येण्याचं प्रमाण अ‍ॅब्लेशन गटात जवळपास निम्मं होतं. त्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण पर्सिस्टंट प्रकारचेच होते. आयुष्य वाढेल म्हणून करू नका, त्रास कमी व्हावा म्हणून करा, एवढाच त्याचा अर्थ.

मनाचा खेळ? ब्रिटनमध्ये तेही तपासून झालं. 2024 च्या शॅम-पीव्हीआय अभ्यासात 126 जणांपैकी निम्म्यांवर खोटंच अ‍ॅब्लेशन केलं. सहा महिन्यांनी बेताल ठोक्यांचा एकूण काळ खऱ्या गटात 60 टक्क्यांनी घटला, खोट्या गटात 35 टक्क्यांनी. यंत्राने मोजलेला आकडा, कुणाला विचारून लिहिलेला नाही.

हृदय कमजोर होतं म्हणे. 2018 चा कॅसल-एएफ बघा: हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातून बाहेर फेकलं जाणारं रक्त, 35 टक्के किंवा त्याहून कमी झालेले, निवडून घेतलेले 363 रुग्ण. मृत्यू अ‍ॅब्लेशन गटात 13.4 टक्के, औषध गटात 25. पुढे बोलायला नको.

राहिलं वजन आणि दारू. या एका ओळीवर माझं भांडण नाही. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या अभ्यासात वजन 10 टक्के किंवा जास्त उतरवणाऱ्यांचे ठोके सरळ राहण्याची शक्यता सहापट निघाली. मात्र त्यातल्या कुणालाही काढा देऊन रक्त पातळ करायची गोळी सोडायला लावली नव्हती.