गाडी बसली आहे

सकाळी पावणेसातला इंटरकॉम वाजला. पलीकडे वॉचमनमामा.

"साहेब, तुमची गाडी बसलीय."

"कुठं बसलीय?"

"जागेवरच बसलीय."

खाली जाऊन पाहिलं तर खरंच. पुढचा डावा पाय दुमडून म्हैस बसते ना, तशी माझी युरोपियन गाडी पार्किंगमध्ये बसली होती. मडगार्ड टायरवर टेकलेलं, नाक फरशीपासून चार बोटांवर. शेजारी आप्पांची 2006 सालची डबा गाडी ताठ उभी. आप्पा फडक्यानं तिची काच पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवा गेली वाटतं."

आप्पांनी गंमत म्हणून म्हटलं असेल, पण निदान बरोबर होतं. साध्या गाडीला लोखंडी स्प्रिंग असते. माझ्या गाडीला तिथे हवा भरलेल्या रबरी पिशव्या आहेत. म्हणून ती खड्ड्यातून जाताना पालखीसारखी तरंगते. पण रबर ते रबर. काही वर्षांनी त्याला बारीक चिरा पडतात, रात्रभर हवा सुटते आणि सकाळी गाडी बसते. मग एक काँप्रेसर कुरकुरत तिला उठवतो. गेले दोन महिने मी ती कुरकुर ऐकत होतो आणि बायकोला सांगत होतो, "ऐक, किती सायलेंट आहे!"

ही गाडी मी सेकंडहँड घेतली. नवी असताना 60 लाखांची, सहा वर्षांनी मला 18 लाखांना मिळाली. पहिला मालक डॉक्टर होता आणि गाडी फक्त हायवेला चालली होती. (सेकंडहँड बाजारातल्या सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असतात आणि हायवेलाच चालतात. मग कर्वे रोडला रोज माझ्यापुढे कोण असतं, कोण जाणे.) 42 लाख वाचवले म्हणून मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही, हे नंतर कळलं. गाडी 18 लाखांची झाली, दुखणी 60 लाखांचीच राहिली.

तिला न्यायला सपाट पाठीचा फ्लॅटबेड ट्रक आला. गाडी वर चढत असताना अख्खी सोसायटी गॅलरीत. दोघातिघांनी हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र लग्नाच्या हॉलसारखा गारवा. कातडी सोफा, कॅपुचिनो, क्रीमची बिस्किटं. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बसायला जुनी बॅटरी देतात, पण तिथे निदान आपला पाना कुणाच्या हातात आहे ते दिसतं. इथे गाडी काचेपलीकडे आत जाते आणि बाहेर येतो तो फक्त टॅब घेतलेला एक तरुण.

"सर, स्ट्रट गेलाय, म्हणजे ती हवेची पिशवी असलेला खांब. आणि त्याला हवा पुरवून पुरवून काँप्रेसर दमलाय."

"दमलाय म्हणजे? विश्रांती दिली तर..."

"गेलाय, सर."

एस्टिमेट 2,46,000. पार्ट परदेशातून येणार, तीन आठवडे. मी आणखी एक कॅपुचिनो मागवली. ती फुकट होती.

त्या तीन आठवड्यांत रिक्षात बसून मी गाड्यांच्या भरवशाबद्दल वाचत सुटलो. औषध आणल्यावर रोगाची माहिती वाचायची, ही आमच्या घराण्याची पद्धत. अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाची संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना तक्रारी विचारते आणि दर 100 गाड्यांमागे किती, ते मोजते. म्हणजे कमी मार्क मिळवणारा हुशार. यात इंजिन बंद पडलं ती एक तक्रार आणि ब्लूटूथला फोन जोडला जात नाही, तीही एकच. कितीतरी वर्षं त्या यादीत टोयोटाची लेक्सस वरच्या बाकावर बसली आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही तिथलीच दुसरी संस्था, 1936 पासूनची, जाहिराती न घेणारी. तिथे गाडीचा भरवसा आणि मालकाचं समाधान हे दोन वेगळे रकाने आहेत. समाधानासाठी ते एकच मर्मावर बोट ठेवतात: हीच गाडी पुन्हा घ्याल का?

लेक्ससची गोष्ट तर मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. 1989 साली टोयोटानं हा महागडा ब्रँड अमेरिकेत आणला आणि काही महिन्यांतच दोन तक्रारी आल्या. फक्त दोन. एक वायरिंगची, एक तापणाऱ्या ब्रेकलाइटची. कंपनीनं विकलेल्या 8,000 गाड्या 20 दिवसांत परत घेतल्या. माणूस पाठवून घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या, पेट्रोल भरून परत दिल्या. झालं असं, की दोष निघाल्यामुळे मालक आणखीच खूश!

"आपलीही धुऊन देतील," बायको म्हणाली. "पेट्रोलचं तू बघ."

तसं भरवसा बघून महागडी गाडी घेतो कोण? 2010 साली औरंगाबादच्या मंडळींनी एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या, 65 कोटींच्या. शहराचं नाव देशभर गाजावं, हा हेतू, आणि गाजलंही. त्यात 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारणारा एखादा असेलच, मराठवाड्यातला असला तरी मराठी माणूस आहे. पण त्याला बाकीच्या 149 जणांनी गप्प बसवलं असणार.

शेवटी गाडी मिळाली. चारी पायांवर उभी, धुतलेली. टॅबवाला तरुण दारापर्यंत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक रिक्वेस्ट. कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिलेत तरी आमच्याकडे नापास धरतात."

मी पस्तीसला पास होणाऱ्या बोर्डात शिकलो. नऊ म्हणजे नापास, हे पचायला वेळ लागला.

फोन दुसऱ्याच दिवशी आला. मी गाडीतच होतो. समोर टायरप्रेशरचा पिवळा दिवा नुकताच लागला होता. बाजूला बायको.

"सर, गाडीबद्दल आपण किती समाधानी आहात?"

आठ म्हणावं, सहा म्हणावं, खरं बोलावं असं सगळं मनात आलं. मग 2,46,000 आठवले. इतके पैसे घालून असमाधानी असणं मला परवडणारं नव्हतं.

"दहा," मी म्हणालो.

"हीच गाडी पुन्हा घ्याल का?"

"नक्की."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

संध्याकाळी पार्किंगमध्ये आप्पा भेटले. त्यांचीही गाडी सर्व्हिसिंगहून आली होती. सकाळी दिली, दुपारी मिळाली, बिल 4,200. इतक्या वर्षांत ती एकदाही रस्त्यात थांबलेली नाही.

"तुम्हालाही फोन आला असेल ना, मार्क द्यायचा?" मी विचारलं.

"आला ना. चार दिले."

"दहापैकी चार? का हो आप्पा?"

"अरे, गाडी पुसताना डॅशबोर्डवरचा गणपती काढला त्यांनी," आप्पा फडकं झटकत म्हणाले, "आणि परत लावताना तिरका लावला."