मंडळी फुटते तेव्हा किल्ली कुणाकडे असते?

रविवारची उपासना सुटली की पुण्यातल्या पंचहौद चर्चजवळचा हा कट्टा भरतो. या वेळी विषय विजूने काढला. समजा, एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन तट पडलेत. एकाला पेटी-तबल्यावरची भक्तिगीतं हवीत, दुसऱ्याला ड्रम आणि गिटार. मग संध्याकाळची वेगळी उपासना काढून मोकळं का होऊ नये? रोज कशाला भांडायचं?

"ड्रमवरून कुणी फुटत नाही रे," शशी म्हणाला. "ड्रम कुठल्या ठरावाने घेतला, त्यावरून फुटतात." शशी ट्रस्टचे हिशेब बघतो, त्यामुळे त्याला जिथे तिथे हिशेबच दिसतो, असं साळवे सरांचं जुनं म्हणणं. सरांनी धर्मशास्त्र शिकवण्यात हयात घालवली आहे, म्हणून त्यांना जिथे तिथे तत्त्व दिसतं, हे शशीचं उलट म्हणणं.

सर म्हणाले, "१०५४ साली पूर्वेची आणि पश्चिमेची ख्रिस्ती मंडळी वेगळी झाली. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, प्रभुभोजनाची भाकर खमिराची की बेखमीर, हे वाद होतेच की."

"आणि रोमच्या पोपचा शब्द कॉन्स्टँटिनोपलवर चालतो का, हा वाद नव्हता?"

"होता."

"बघा. शेवटी ठरवायचं कुणी, हाच प्रश्न. याच पंचहौदात १८९० साली टिळक-रानड्यांनी चहा घेतला आणि पुण्यात ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराचा वाद पेटला. चहा काय, निमित्त होता. प्रायश्चित्त सांगायचा अधिकार कुणाचा, यावर शहर तापलं." एवढं बोलून शशीने आपला कटिंग संपवला.

सरांनी बायबलमधलं करिंथ काढलं. तिथल्या मंडळीत चार गट: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), मी ख्रिस्ताचा. त्यांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल यातल्या कुणाची शिकवण चुकली हे सांगतच नाही. मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, एवढ्यावर सोडून देतो. पण अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाची गोष्ट आली की त्याचा आवाज चढतो. एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. ज्यांच्याकडे आहे ते आपलं आधीच उरकून घेतात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना खाली मान घालावी लागते. ही फूट पंक्तीतली, आणि तीच त्याला जास्त लागली. सरांच्या तोंडून हे निघालं तेव्हा शशी नुसताच हसला.

एस्तेरताई इतका वेळ गप्प होत्या. महिला मंडळाचा कारभार त्यांच्याकडे असतो. "प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय कुणी काढणार आहे का मी काढू? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. तक्रार भाषेची दिसते, पण मूळ ताटात. प्रेषितांनी काय केलं? प्रार्थनासभा ठेवून 'सगळे एक व्हा' म्हणाले का? सात माणसं निवडायला लावली आणि वाटप त्यांच्या हाती दिलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर... सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच बाजूकडे कोठाराची किल्ली. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला हिशेब तपासणीवर घेतात का? त्याला समितीतून काढतात."

यावर मात्र कुणाला उत्तर सुचलं नाही. माझ्या मते त्या सकाळचं हेच सगळ्यात कामाचं वाक्य होतं.

विजूचा धीर सुटत चालला होता. "मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अध्याय १८ आहे ना! आधी एकट्याने जाऊन सांग, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला कळव. सरळ पायऱ्या आहेत."

"त्या पायऱ्या भावाने भावाचा अपराध केला असेल तर," एस्तेरताई म्हणाल्या. "खजिनदाराने अर्पणाच्या पेटीत हात घातला, तर 'आधी एकट्याने जाऊन बोल' म्हणजे वह्या बदलायला सवड देणं. आणि कुणी लेकराला हात लावला असेल तर मंडळीने बैठकच घ्यायची नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पीडितेला 'आधी त्याच्याशी समेट कर' सांगणारा पाळक भांडण मिटवत नाही, गुन्हा दाबतो."

सरांनी मान डोलावली. त्यांचं म्हणणं, ड्रम-पेटीचा वाद पौलाच्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात बसतो. एक सगळं खातो, दुसरा भाजीपालाच खातो, दोघांनी एकमेकांना तुच्छ लेखू नये. तिथे मत्तय १८ लावलं की गिटार वाजवणाऱ्याला उगाच पश्चात्ताप करायला लावतात. औषध खरं, पण रोग दुसराच.

मग शशीने आपलं दप्तर उघडलं, म्हणजे तोंडानेच. तट पडल्याचं दिसलं की पाळकाने सगळ्यात आधी सभासद यादी गोठवावी. वार्षिक सभेच्या तोंडावर दोन्ही बाजू आपापली माणसं आत घुसवतात, वर्षानुवर्षं न आलेल्यांची थकलेली वर्गणी कुणीतरी एकरकमी भरतं, आणि सभेत यादीवरूनच हाणामारी होते. यादी फलकावर लावावी, हरकतींना पुरेशी मुदत द्यावी, हरकती लेखी घ्याव्यात आणि निकालही लेखी द्यावा. निकाल देणारा दोन्ही तटांबाहेरचा असावा, डायोसिसचा (बिशपच्या कार्यक्षेत्राचा) किंवा शेजारच्या मंडळीचा. बँकेत दोन सह्या, दोन बाजूंच्या. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं मोजून, पानांचे आकडे लिहून, कुलपात.

"आणि निवडणूक झाली की चेंज रिपोर्ट," तो म्हणाला. "विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली कळवायचं. लोक विसरतात. मग कागदावर जुनेच विश्वस्त राहतात आणि दोन तट दोन याद्या घेऊन उभे. पुढची सगळी भांडणं तिथे अडकतात. शेड्यूल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या अधिकृत नोंदीचा उतारा आधी काढून बघा, निम्म्या गर्जना तिथेच थंड होतात. आणि जागा विकायला निघालेल्याला सांगा, कलम ३६ ची परवानगी आधी लागते. नुसता ठराव पुरत नाही."

"पण पौल तर म्हणतो, बाहेरच्यांच्या कोर्टात जाऊ नका," विजू.

"करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय," शशी म्हणाला. "तो असंही विचारतो, तुमच्यात न्याय करणारा एकही शहाणा नाही काय? घरात लवाद नेमा, मी काही आडवा येत नाही. पण चेंज रिपोर्ट म्हणजे खटला नव्हे, नोंद आहे."

मग वेगळं होण्याचा मुद्दा आला. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा, मार्काला सोबत घ्यायचं की नाही यावरून भांडून वेगळे झाले, दोन वाटांनी गेले, आणि पुढे पौलच मार्काला बोलावून घे म्हणून लिहितो. विजूला हे फार आवडलं. सर म्हणाले, त्यांनी इमारत वाटून घेतली नव्हती, हे विसरू नकोस. एकत्र येणं किती महाग पडतं तेही बघ. उत्तर भारत मंडळीची बोलणी १९२९ ला सुरू झाली आणि सहा मंडळ्या नागपुरात एक झाल्या २९ नोव्हेंबर १९७० ला. बालपणीचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा, दोन्ही मानायचे ठरले. तरी मेथॉडिस्टांची मोठी शाखा ऐनवेळी बाहेर राहिली. फोडायला एक सभा पुरते.

एस्तेरताईंचे प्रश्न साधे होते. नव्या गटाच्या पाळकाकडे लग्न लावायचा अधिकार आहे का? १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा अधिकार कुणाला ते मोजून सांगतो. बिशपच्या हस्ते दीक्षा नसेल तर सहसा परवाना लागतो. फुटलेल्या गटाला हे पहिल्या लग्नाच्या वेळी कळतं, पत्रिका छापून झाल्यावर. आणि कुणी वारलं तर दफनभूमीत जागा कुठल्या यादीने मिळणार? "मृत माणसाला सभासदत्वाची पावती विचारायची नाही, हे आधीच लिहून ठेवा. दारात मयत आल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं."

शेवटी विजूच्या संध्याकाळच्या उपासनेपुरता कच्चा कागद कट्ट्यावरच झाला. वेळ सहा ते साडेसात. अर्पण एकाच खात्यात, पण नोंद वेगळी. प्रभुभोजन महिन्यातून एकदा, सकाळीच, दोघांचं मिळून. पाळक एकच. सहा महिन्यांनी फेरविचार.

"आणि वीजबिल?" शशीने विचारलं.

"मीटर एकच आहे."

"मग सबमीटर बसवा."

"बसवू. पण ड्रम आठवडाभर ठेवायचा कुठे? वेदीजवळ ठेवला तर सकाळची माणसं..."

दुसऱ्या चहाची ऑर्डर गेली.