फुकटचं डेटाबेस टूल कसं निवडावं? (साहेबांच्या पद्धतीने)

डेटाबेस सांभाळायला फुकट टूल हवंय? विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालणारं? मग आधी घाई करा. विचार करत बसलात तर चांगलं टूल निवडलं जाण्याचा धोका असतो.

गूगलवर सगळ्यात वर जी जाहिरात येईल तिच्यावर क्लिक करा. डाउनलोड फुकट आहे ना, मग वापरही फुकटच असणार.

लायसन्स वाचू नका. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त तरी कुठे वाचता?

टूल स्वतःच्या डेटावर तपासू नका, इंग्रजी नावांचं नमुना टेबल पुरे. मराठी नावांची यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये उघडली की ‘पाटील’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि चार पाय फुटलेलं वर्तुळ दिसतं. क्लायंटला ते कलात्मक वाटेल. एक्सपोर्ट करताना बीओएमवर (अक्षरं कशी वाचायची हे एक्सेलला सांगणारी खूण) टिक करायची असते म्हणे, पण तेवढा वेळ कुणाला आहे?

टूल पुढच्या वर्षी असेल का, हेही विचारू नका. मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर डेटा स्टुडिओ तिन्हीकडे चालायचं, फुकटही होतं. २८ फेब्रुवारी २०२६ ही त्याच्या सपोर्टची शेवटची तारीख.

रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवा.

आणि मुख्य म्हणजे, निवडीचा अधिकार अशा माणसाला द्या, ज्याला जन्मात क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहायची नाही. आमच्या महापेच्या ऑफिसात तो साहेबांकडे आहे. दिसायला ‘एकदम मॉडर्न’, वर डार्क मोड. झालं, निवड पक्की. आधीचं टूल? ‘ते जुनाट दिसतं रे.’ परवा महिनाअखेरीला, संध्याकाळी, ठाण्याच्या क्लायंटला थकबाकीची यादी पाठवायची, तर त्या मॉडर्न खिडकीत बारीकशी पट्टी उगवली: चाचणीची मुदत संपली, एक्सपोर्टसाठी अपग्रेड करा. बटण करडं. सगळी कनेक्शन्स त्यातच, सेव्ह केलेल्या क्वेरीही त्यातच. साहेबांना फोन लावला, साहेब तोवर पाम बीच रोडला लागलेले. ‘अरे, क्रॅक मिळतो का बघ ना कुठे.’ क्रॅक! ज्या डेटाबेसात लोकांचे मोबाइल नंबर, पत्ते, थकबाकी आहे, त्याला टेलिग्रामवरून उतरवलेली कुणाची तरी एक्झी जोडायची? तीही रूटने? बरं, पैसे भरा म्हटलं तर बजेट नाही. रिसेप्शनला खोटा धबधबा बसवला त्याला बरं बजेट होतं! शेवटी यादी कमांड लाइनवरून काढली. त्यानंतर कोपरखैरणेपर्यंत रिक्षा आणि त्या वेळची ट्रान्स-हार्बर लोकल. पुढचं काय सांगायचं!

आता सरळच सांगतो. डीबीव्हर नावाच्या टूलची कम्युनिटी आवृत्ती तिन्हीकडे चालते. ओपन सोर्स आहे, अपाची लायसन्स, मुदतबिदत काही नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, एसक्यूलाइट हे सगळे डेटाबेस त्यात उघडतात. मोंगोडीबी हवं असेल तर पैशांची आवृत्ती घ्यावी लागते, तेही त्यांच्या साइटवर लिहिलंय. नुसतं पोस्टग्रेस असेल तर पीजीॲडमिन, नुसतं मायएसक्यूएल असेल तर वर्कबेंच. एवढं बघायला अर्धा तास लागत नाही हो! कनेक्शनला ‘प्रॉडक्शन’ प्रकार द्या, रीड-ओन्लीची टिक करा, हेही त्यात आहे. डार्क मोडसुद्धा आहे. आणि रिपोर्ट काढणाऱ्या पोराच्या हातात रूट कशाला देता? फक्त सिलेक्टचा, म्हणजे डेटा नुसता वाचायचा, अधिकार असलेला युजर बनवायला दोन ओळी लागतात, त्यासुद्धा तुमच्याने होत नाहीत. टूल तुम्ही निवडायचं आणि रात्री थांबायचं आम्ही, हे यापुढे चालणार नाही. ज्याला वापरायचंय त्याला आधी विचारा, नाहीतर महिनाअखेरीला स्वतः बसा कमांड लाइनवर.